बीजगणिताचे पहिले पंधरा दिवस: बैजिक राशी लिहायला आणि सरळरूप द्यायला कसं शिकवावं

यंदा पहिल्यांदाच सातवीचं गणित वाट्याला आलेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. घरी धाकट्या भावाला शिकवणारी ताई किंवा लेकराची वही बघणारे आई-वडील यांनाही ते उपयोगी पडेल. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी बरीच वर्षं गणित शिकवते. आठवी-नववीत गणिताचा धसका घेतलेल्या लेकराला मागं मागं नेत गेलं, की बहुतेक वेळा सातवीतल्या एका अक्षरापाशी येऊन थांबावं लागतं. फळ्यावर पहिल्यांदा क्ष आला, तो काय आहे हे लेकराला उमगलं नाही, आणि पुढचं सगळं त्यानं पाठ करून रेटलं. म्हणून हे पहिले पंधरा दिवस घाईचे नाहीत. इथं चार तासिका जास्त गेल्या तरी चालतील, पुढं त्या भरून निघतात.

अक्षरांबद्दल एक सांगून ठेवते. पुस्तकात आता इंग्रजी एक्स, वाय छापतात. मी इथं क्ष, य, न अशी आपली अक्षरं वापरते. वर्गात मात्र पुस्तकातलीच ठेवा. एक्स तेवढा वळणदार काढायला पहिल्याच दिवशी शिकवा. दोन सरळ रेघांची फुली मारायची सवय लागली, तर गुणिलेची खूण कुठली आणि अक्षर कुठलं हे लेकराला स्वतःच्याच वहीत कळत नाही.

आधी एक चाचणी

बीजगणित उघडण्याआधी फळ्यावर ३ + २ × १० लिहा आणि उत्तर विचारा. कंचेभागुबेव, म्हणजे क्रियांचा क्रम (आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी), सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी निम्मा वर्ग ५० म्हणेल. तसं झालं तर पुढं जाऊ नका. दोन दिवस साध्या पदावल्या सोडवून घ्या. उत्तर २३ का येतं, हे लेकरांना स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे: आधी दहा-दहाचे दोन गठ्ठे, मग सुटे तीन. हा पाया कच्चा राहिला तर आठवड्यानं ३ + २क्ष चं उत्तर ५क्ष येणार, हे ठरलेलंच. चूक तीच असते. २क्ष मध्ये गुणाकार लपलेला असल्यामुळं ती फक्त दिसत नाही.

पहिला दिवस: काडेपेटी आणि चिंचोके

सहा-सात रिकाम्या काडेपेट्या आणि ओंजळभर चिंचोके घेऊन वर्गात जा. घरूनच प्रत्येक पेटीत सारखेच चिंचोके भरून ठेवा, समजा आठ-आठ. किती भरले ते सांगू नका. टेबलावर ३ पेट्या ठेवा, शेजारी ५ सुटे चिंचोके ठेवा आणि विचारा, "एकूण चिंचोके किती?"

पोरं पेटी कानाशी हलवून बघतील, अंदाज सांगतील. सांगू द्या. कुणी सहा म्हणेल, कुणी दहा. प्रत्येकाचा अंदाज घेऊन एकूण किती होतील ते फळ्यावर मांडा:

पेटीत ६ असतील तर ३ × ६ + ५
पेटीत १० असतील तर ३ × १० + ५
पेटीत ७ असतील तर ३ × ७ + ५

चार-पाच ओळी झाल्या की विचारा, "प्रत्येक ओळीत काय तसंच राहिलं? काय बदललं?" बदलणाऱ्या जागेवर बोट ठेवायला एखाद्या लेकराला फळ्यापाशी बोलवा. मग म्हणा, "या जागेवर कुठलीही संख्या येऊ शकते. ती कळेपर्यंत आपण तिथं न लिहू." खाली ३ × न + ५ लिहा, त्याखाली ३न + ५. संख्या आणि अक्षरं मिळून झालेली अशी मांडणी म्हणजे बैजिक राशी. चल हा शब्द आता सांगा, आधी नको. बदलतं ते चल, हे लेकरांनी नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पेट्या तासिका संपताना उघडा. उघडायला विसरू नका, नाहीतर लेकरांना फसवल्यासारखं होतं. आठ निघाले की ३(८) + ५ म्हणजे २९. टेबलावरचे मोजून घ्या.

अक्षर म्हणजे संख्या, वस्तू नव्हे

या मुद्द्यावर मला थांबायचं आहे, कारण इथं मी स्वतः चुकलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सजातीय पदं (३अ आणि २अ सारखी, एकाच जातीची) अशी शिकवली: अ म्हणजे आंबा, प म्हणजे पेरू. तीन आंबे आणि दोन आंबे पाच आंबे, पण तीन आंबे आणि दोन पेरूंची बेरीज होत नाही. वर्ग खूश, मीही खूश. बेरजेची सगळी उदाहरणं धडाधड सुटली. महिन्याभरानं अ × अ आलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आंबा गुणिले आंबा कसं करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तीच मुलं पुढं "अ ची किंमत ४ आहे" हे वाचून आंबा चार रुपयांना समजत होती. शिकवलेलं खोडून पुन्हा शिकवायला मला दिवाळी उलटली.

फळांची उपमा सोपी वाटते म्हणून फार वापरली जाते. माझा तिला ठाम विरोध आहे. त्यात अक्षर वस्तूचं नाव होऊन बसतं. वस्तूला वस्तूनं गुणता येत नाही, वस्तूचा वर्ग होत नाही, वस्तूतून संख्या वजा होत नाही. अक्षर हे संख्येच्या जागी उभं आहे, एवढं एक पक्कं झालं की हे सगळं करता येतं.

पक्कं झालं का, हे बघायला मी हा प्रश्न विचारते: "एका धनगराकडं मेंढ्या शेळ्यांच्या तिप्पट आहेत. हे लिहा." बरीच मुलं ३म = श असं लिहितात. त्यांच्या मनात "तीन मेंढ्यांमागं एक शेळी" असं चित्र असतं. म म्हणजे मेंढी, श म्हणजे शेळी. अशा वेळी "चूक" म्हणून खोडू नका. "श म्हणजे काय?" असं विचारा. लेकरू "शेळी" म्हणालं तर रोग सापडला. "शेळ्यांची संख्या" असं पूर्ण बोलायला लावा. मग शेळ्या २० धरा. मेंढ्या किती? ६०. ६० कशाचे तिप्पट? विसाचे. म्हणजे म = ३श. राशीत सांगायचं तर शेळ्या श असतील तेव्हा मेंढ्या ३श.

म्हणूनच काडेपेटीच्या खेळातही "न म्हणजे पेटी" असं बोलू नका. "न म्हणजे एका पेटीतल्या चिंचोक्यांची संख्या" असंच बोला. वाक्य लांबडं आहे, पण पहिले आठ दिवस तरी आखडू नका.

मुलं विचारतात, "क्ष कामून घ्यायचा? दुसरं काही घेतलं तर?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आपल्या शेजारच्या मुलखातच आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटणादेवीचा परिसर लागतो. तिथल्या जुन्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं मठ स्थापल्याची नोंदही. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातला एक भाग बीजगणिताचा आहे. माहीत नसलेल्या पहिल्या संख्येला ते यावत्तावत् म्हणतात, म्हणजे "जेवढं असेल तेवढं". पुढच्या संख्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लिहिताना पहिलं अक्षर घ्यायचं, या, का, नी, पी. सुट्या संख्येला रू. आपण ३क्ष + ५ लिहितो, ते त्या पद्धतीत "या ३ रू ५" असं होतं. हे फळ्यावर लिहून दाखवलं की वर्ग एकदम शांत होऊन बघतो. "जेवढं असेल तेवढं" हा अर्थ तर चलाचा मला माहीत असलेला सगळ्यात सुंदर अर्थ आहे. आता दुसरं अक्षर घेतलं तर चालेल का, याचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

मोंढ्याची पट्टी

शब्दांतून राशी लिहिणं हा पुढचा टप्पा. पुस्तकातली "एका संख्येत ७ मिळवले" ही वाक्यं घ्यायचीच आहेत, पण सुरुवात घरच्या हिशेबानं करा. आपल्याकडच्या निम्म्या लेकरांनी मोंढ्यातली पट्टी, म्हणजे धान्यबाजारात माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद, बघितलेली असते. सोयाबीनचे २० कट्टे (पोती), प्रत्येकी ६० किलो, म्हणजे १२ क्विंटल माल घेऊन बाप निघाला आहे. भाव अजून फुटलेला नाही. तरी हातात किती येतील हे लिहिता येईल का?

"भाव माहीतच नाही तर कसं लिहायचं?" असं कुणीतरी म्हणेलच. तिथंच तर अक्षर कामाला येतं. क्विंटलचा भाव भ रुपये धरू. मालाचे १२भ रुपये झाले. हमाली कट्ट्याला ह रुपये, तोलाई कट्ट्याला त रुपये. हातात येतील ते

१२भ − २०ह − २०त

माझ्या वर्गात एका मुलानं हेच असं लिहिलं होतं:

१२भ − २०(ह + त)

म्हणाला, एका कट्ट्यामागचा खर्च आधी एकत्र केला, मग वीस पट. दोन्ही बरोबर आहेत. या वेळी कंस सोडवण्याचा नियम काढू नका. भाव ४०००, हमाली १०, तोलाई ५ असे हिशेबाला सोपे आकडे घ्या आणि दोन्ही राशींची किंमत काढायला सांगा. दोन्हींचं उत्तर ४७,७०० येतं. दोन राशी दिसायला वेगळ्या असून किंमत एकच येते, हे लेकरांच्या मनात नुसतं पेरून ठेवा. पुढं कामाला येईल.

बीडकडच्या शाळांत आणखी एक हिशेब लेकरांना माहीत असतो, तो उचलीचा, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशाचा. एका कोयत्यानं (ऊस तोडणाऱ्या जोडप्यानं) ५०,००० उचल घेतली, टनाला द रुपये दर, हंगामात न टन ऊस तोडला. हिशेब नद − ५०,०००. दर ३५० आणि १०० टन धरले तर किंमत −१५,००० येते. याचा अर्थ काय, हे आपल्याला सांगावं लागत नाही. "पंधरा हजार अंगावर राहिले," वर्गातूनच उत्तर येतं. ऋण संख्येचा इतका स्पष्ट अर्थ मला पुस्तकात सापडला नाही. उदाहरण देताना कुणा लेकराकडं बघू नका, कुणाच्या घरचं विचारू नका. हिशेब सर्वसाधारण ठेवा.

यानंतर पुस्तकी वाक्यांकडं या. मराठीत काही जोड्या अशा आहेत की शब्द तेच, पण अर्थ वेगळा. त्या शेजारी-शेजारी लिहून तोंडानं म्हणायला लावा:

संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने जास्त: २न + ३
संख्येपेक्षा ३ ने जास्त असलेल्या संख्येची दुप्पट: २(न + ३)

संख्येच्या वर्गाची दुप्पट: २न²
संख्येच्या दुपटीचा वर्ग: (२न)²

५ मधून संख्या वजा केली: ५ − न
५ ही संख्या दिलेल्या संख्येतून वजा केली: न − ५

शेवटच्या जोडीत लेकरं हमखास फसतात, कारण वाक्यात ५ आधी येतो म्हणून ती वहीतही आधी लिहितात. "कुणातून गेले?" एवढं विचारायची सवय लावा. दुप्पट, निमपट, दीडपट हे शब्दही घ्या. दीडपट म्हणजे न आणि त्याचा अर्धा, हे खेड्यातल्या लेकराला अपूर्णांकाच्या नियमापेक्षा लवकर कळतं.

किंमत काढणं

ही पायरी लहान आहे, पण ओलांडून जाऊ नका. ३क्ष मध्ये क्ष = ५ घ्या म्हटलं की काही लेकरं ३५ लिहितात. क्ष पुसला, त्या जागी ५ ठेवला, झाले पस्तीस! त्यांचं चुकतंय असं त्यांना वाटतच नाही. उपाय सोपा आहे. अक्षर काढलं की त्या जागी आधी कंस काढायचा आणि संख्या कंसात ठेवायची: ३(५). ऋण संख्या आली की हाच कंस पुन्हा वाचवतो. ७ − क्ष मध्ये क्ष = −२ घेतल्यावर ७ − (−२) नीट दिसतं. महिनाभर तरी कंसाशिवाय किंमत घालू देऊ नका.

तुराट्यांचे चौकोन

आता सरळरूप. ते का द्यायचं, हे आधी कळलं पाहिजे, नियम नंतर. यासाठी तुरीच्या काढणीनंतर कुणाच्याही बांधावर मिळणाऱ्या तुराट्या आणा, सारख्या लांबीच्या मोडून. नसतील तर आगकाड्या चालतील. जमिनीवर एक चौकोन मांडा: ४ तुराट्या. त्याला चिकटून दुसरा मांडा, मधली तुराटी सामाईक: ७. तिसरा: १०. आता विचारा, १० चौकोनांना किती लागतील? मांडून बघायचं नाही. आणि न चौकोनांना?

गटागटानं बसवा आणि अर्धा तास गप्प राहा. खरंच गप्प राहा, इशारासुद्धा करू नका. माझ्या वर्गांत दरवर्षी कमीत कमी तीन वेगळी उत्तरं येतात.

एक गट म्हणतो, पहिल्या चौकोनाला ४, मग प्रत्येकाला ३-३: ४ + ३(न − १).

दुसरा गट आडव्या-उभ्या वेगळ्या मोजतो. वरच्या न, खालच्या न, उभ्या एक जास्त: न + न + (न + १).

तिसरा म्हणतो, सगळे सुटे चौकोन धरले तर ४न, पण मधल्या तुराट्या दोनदा मोजल्या, त्या वजा: ४न − (न − १).

फळ्यावर तिन्ही लिहा. मग खरा प्रश्न विचारा: "बरोबर कोण?" वर्गात भांडण लागतं. लागू द्या. न = १० घालून बघायला सांगा. ४ + २७, १० + १० + ११, ४० − ९. तिन्हींचं ३१. न = २५ घाला, तिन्हींचं ७६. मोंढ्याच्या पट्टीची आठवण आता करून द्या. एकच गोष्ट तिघांनी तीन वाटांनी मोजली, म्हणून राशी तीन झाल्या. मग त्यातली सगळ्यात आटोपशीर कोणती? इथं ३न + १ पर्यंत येण्याची गरज लेकरांना स्वतःला वाटू लागते. सरळरूप म्हणजे हेच: राशी लहान करायची, किंमत मात्र न ला काहीही घेतलं तरी हलता कामा नये.

या वाक्यावर मी अख्खं प्रकरण उभं करते. पुढं कुठल्याही पायरीला शंका आली की "किंमत हलली का?" एवढाच प्रश्न विचारायचा.

सजातीय पदं

पद (३न + ५ मधले ३न आणि ५), सहगुणक (अक्षराआधीची संख्या), एकपदी, द्विपदी (एका आणि दोन पदांची राशी) ही नावं आता द्या. एका तासिकेत होतात, फार घोळ घालू नका. चिन्हाचं तेवढं पक्कं करा. पदाच्या डावीकडचं चिन्ह त्या पदाचं असतं. पद जागेवरून हलवलं की चिन्ह सोबत जातं, जसा बैल नेला की कासरा बरोबर जातोच.

सजातीय हा शब्द भास्कराचार्यांच्या मांडणीच्या अगदी जवळचा आहे. समान जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी होते, भिन्न जातीच्या वेगळ्या ठेवायच्या, असा नियम त्यांनीच सांगितला आहे. काडेपेटीकडं परत चला. ३ पेट्या आणि २ पेट्या ५ पेट्या, प्रत्येकीत न चिंचोके, म्हणून ३न + २न = ५न. तीनदा न आणि दोनदा न म्हणजे पाचदा न. फळांची गरजच पडत नाही. पेटी क्ष चिंचोक्यांची असेल तर ५क्ष − क्ष किती? पाच पेट्यांतून एक उचलली, चार राहिल्या: ४क्ष. नुसती आकडेमोड करणारं लेकरू इथं ५ लिहितं, कारण त्याला क्ष च्या आधीचा १ दिसत नाही. काही दिवस तो १ उघड लिहू द्या: ५क्ष − १क्ष.

वहीत एक पद्धत लावून द्या. ७क्ष − ३य + ४ − २क्ष + ५य − ९ अशी लांबलचक राशी आली की क्ष ची पदं चिन्हासकट सरळ रेघेनं अधोरेखित करायची, य ची नागमोडी रेघेनं, सुट्या संख्यांना चौकट. मग एक-एक जात उचलायची: ५क्ष + २य − ५. रंगीत पेन्सिली असतील तर उत्तम, नसतील तरी रेघांवर भागतं.

क्ष² आणि क्ष हे सजातीय का नाहीत, हे कागदानं दाखवा. क्ष बाजूचा चौरस कापा. क्ष लांबीची आणि १ रुंदीची पट्टी कापा. दोन्ही हातात द्या. एकावर एक ठेवून बघू द्या. चौरस आणि पट्टी यांची मिळून "दोन" कशाची म्हणायची? लेकरांना उत्तर हातालाच कळतं.

कंस

३(क्ष + ४) ला बरीच लेकरं ३क्ष + ४ लिहितात. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, उदाहरण द्या. तीन ओळी, प्रत्येक ओळीत क्ष झाडं उगवली, नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरताना प्रत्येक ओळीत आणखी ४ लावली. नवीन झाडं किती? बारा. ओळी तीन असताना एकाच ओळीच्या नांग्या कशा भरून चालतील? फळ्यावर आयत काढा, रुंदी ३, लांबी क्ष आणि ४ अशी तोडलेली. दोन तुकड्यांचं क्षेत्रफळ ३क्ष आणि १२.

कंसाच्या आधी वजा असला की भलेभले अडतात. "वजा वजा अधिक" हा मंत्र लगेच देऊ नका, तो नको तिथंही वापरला जातो. दुकानात न्या. खिशात ५०० रुपये, दप्तराची किंमत क्ष, दुकानदारानं २० रुपये कमी केले. उरले ५०० − (क्ष − २०). आता विचारा, पूर्ण किंमत दिली असती तर किती उरले असते? ५०० − क्ष. वीस वाचले, मग जास्त उरतील की कमी? जास्त. म्हणून ५०० − क्ष + २०. दप्तर ३०० चं धरून पडताळा घ्या. २८० दिले, २२० उरले. ५०० − ३०० + २० सुद्धा २२०. ज्यानं ५०० − क्ष − २० लिहिलं त्याचे १८० येतात, म्हणजे सूट मिळूनही पैसे जास्त गेले. असं होईल का, हे त्यालाच ठरवू द्या.

पडताळा कुठल्या संख्येनं घ्यावा

हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून मुद्दाम सांगते. ३ + २क्ष आणि ५क्ष एकच आहेत का, हे बघायला एका मुलानं क्ष = १ घेतला. दोन्हीकडं ५ आले, आणि तो खात्रीनं म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम." तसंच क्ष² आणि २क्ष यांना क्ष = २ घातला की दोन्हीकडं ४ येतात. ० घेतलं तर चुकीच्या कितीतरी राशी जुळतात. म्हणून वर्गात नियम करा: पडताळ्याला ०, १, २ घ्यायचे नाहीत. १० घ्या, हिशेब सोपा होतो आणि चूक लगेच उघडी पडते. ३ + २(१०) म्हणजे २३, आणि ५(१०) म्हणजे ५०. सुरुवातीच्या चाचणीतले तेवीस आणि पन्नास इथं परत भेटतात. दोन अक्षरं असतील तर वेगवेगळ्या संख्या घ्या, १० आणि ३ अशा. एकदा जुळलं म्हणून सगळीकडं जुळेलच असं नाही, हेही सांगा. न जुळणं मात्र चुकीचा पक्का पुरावा असतो.

आणखी एक खोड दिसली की लगेच थांबवा. सरळरूप देता देता काही लेकरं शेवटी "= ०" लिहितात आणि क्ष ची किंमत काढायला लागतात. राशीला उत्तर म्हणून एकच संख्या आली पाहिजे असं त्यांना वाटतं. ३न + १ हे पूर्ण उत्तर आहे, हे मोठ्यानं, वारंवार सांगावं लागतं. सहावीत समीकरणं शिकून आलेली असल्यामुळं हा गोंधळ साहजिक आहे. रागावू नका.

दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला गेलेली लेकरं परततात तेव्हा हे प्रकरण मागं पडलेलं असतं. त्यांना सरळ स्वाध्यायावर बसवलं तर ती वही मिटून बसतात. अशा लेकरासाठी काडेपेट्या आणि तुराट्या कपाटात ठेवूनच द्या. एक दुपार काडेपेट्यांची, एक दुपार तुराट्यांची, आणि मोंढ्याऐवजी फडावरचा हिशेब. शेजारी, आधी शिकलेलं एक लेकरू बसवा. त्यानं समजावून सांगितलेलं बऱ्याचदा आपल्यापेक्षा चांगलं पोचतं, आणि सांगणाऱ्याचंही पक्कं होतं.

पंधराव्या दिवशी मी स्वाध्याय उलटा देते. उत्तर फळ्यावर: ५क्ष + २. याला सरळरूप दिल्यावर हेच येईल अशा चार राशी घरून बनवून आणायच्या, एकीत तरी कंसाआधी वजा हवा. दुसऱ्या दिवशी वह्यांची अदलाबदल, शेजाऱ्यानं १० घालून तपासायचं, प्रत्येक राशीची किंमत ५२ यायला हवी. गेल्या वर्षी एका मुलीनं ८क्ष − (३क्ष − २) लिहून आणलं, आणि शेजारच्या मुलानं पहिल्यांदा ४८ काढलं. दोघं मधल्या सुट्टीतही त्याच वहीवर वाकलेली होती.